निर्यात म्हणजे उरलेल्याचा बाजार नव्हे

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ. खरिपाचा लाल कांदा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत नुकताच येऊ लागला होता. केंद्र शासनाने अधिसूचना काढली आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद झाली. ठिकठिकाणी लिलाव थांबले. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. ज्या मालाला आदल्या दिवशी परदेशात गिऱ्हाईक होते, तो एका कागदाने बेवारस झाला. मार्चअखेरीची मुदत आली, तशी ती पुढे वाढली आणि बंदी उठण्यास ४ मे २०२४ उजाडावा लागला. तीही उठली ती ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांचे ओझे डोक्यावर ठेवूनच.

ज्या देशात हे घडते, त्याच देशात गावोगावी ‘शेतकरी बंधूंनो, निर्यातदार व्हा’ अशी शिबिरे भरतात. व्यासपीठावर दीपप्रज्वलन होते, सभागृहात फाइल आणि चहा वाटला जातो आणि ‘जागतिक बाजारपेठ तुमची वाट पाहत आहे’ असे वक्ते सांगतात. ती बाजारपेठ खरोखर वाट पाहत असेलही. परंतु वाट पाहणाऱ्याने किती वेळा फसवून घ्यावे, यालाही मर्यादा असते.

कांद्याचा हा एकच प्रसंग असता, तर त्याला अपवाद म्हणता आले असते. इतिहास वेगळेच सांगतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ डिसेंबर २०१८ रोजी कृषी निर्यात धोरण मंजूर केले. सुमारे ३० अब्ज डॉलरची कृषी निर्यात २०२२ पर्यंत ६० अब्जांवर नेण्याचा संकल्प त्यात होता. व्यापारविषयक निर्णयांत स्थैर्य हवे, हेही त्यात मान्य केलेले होते. शाई वाळून दहा महिनेही झाले नव्हते, तोच २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांदा निर्यातबंदी आली. ती मार्च २०२० मध्ये उठली आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा लागली. १ जानेवारी २०२१ ला ती उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले, ऑक्टोबरमध्ये ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले आणि डिसेंबरमध्ये संपूर्ण बंदी. उरलेसुरले शुल्क संपण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. या वेळापत्रकावर विसंबून ढाक्यातील, कोलंबोतील किंवा दुबईतील कोणता व्यापारी भारतीय कांद्याचा वर्षाचा सौदा करील? बांगलादेशाने या अनुभवातून बोध घेतला. स्वतःचे उत्पादन वाढविण्यावर भर दिला आणि पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्थान असे अन्य दरवाजेही उघडून ठेवले. गेलेले गिऱ्हाईक अधिसूचना मागे घेतल्याने परत येत नाही.

या साऱ्यामागे एक दृष्टी आहे आणि तिच्यावरच बोट ठेवले पाहिजे. निर्यात म्हणजे घरचे पोट भरून उरलेले बाहेर विकणे, अशी ही दृष्टी आहे. पीक उदंड आले की ‘निर्यात करा’ म्हणायचे आणि तुटवडा भासला की दरवाजा लावून घ्यायचा. जगाच्या बाजारात मात्र उरलेले विकणाऱ्याला कोणी गिऱ्हाईक मानत नाही. त्याच्याकडे भाव पाडून घेण्याची सोय म्हणून पाहिले जाते.

मध्यमवर्गाच्या पानातील कांदा

ही दृष्टी दिल्लीतील अधिकाऱ्यांची आहे असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. दोष शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गाकडेही येतो. राष्ट्रहिताची चिंता वाहणाऱ्या कुटुंबांकडेही येतो. कांदा किलोला वीस रुपयांनी महागला की वृत्तवाहिन्या दिवसभर ओरडतात आणि घराघरांत सरकारच्या नावाने बोटे मोडली जातात. एखादे कुटुंब महिन्याला पाच किलो कांदा खात असेल, तर ही वाढ शंभर रुपयांची होते. तेच कुटुंब चित्रपटगृहात मक्याच्या लाह्यांच्या एका डब्याला त्याहून अधिक पैसे मोजते आणि पावती न पाहता खिशात घालते. शेतकऱ्याला दोन-तीन रुपये किलोने कांदा विकावा लागतो किंवा बांधावर फेकावा लागतो, तेव्हा या घरांतून निषेधाचा सूर उमटल्याचे ऐकिवात नाही.

गरिबाच्या ताटाचा प्रश्न खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला कांद्याची वाढ टोचते. पण त्याचे उत्तर शासनाच्या तिजोरीतून दिले पाहिजे. शासनाने राखीव साठा करावा, तो वेळेवर बाजारात आणावा, गरजूंना स्वस्त दराने द्यावा. गरिबाला द्यावयाची सवलत लासलगावच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढणे हा न्याय नव्हे. देशातील एका घटकाने दुसऱ्याला सक्तीने पोसावे आणि वर त्यालाच ‘आत्मनिर्भर व्हा’ असा उपदेश करावा, हे समरसतेच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

स्वदेशी आणि निर्यात

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो स्वदेशीच्या विचारावर श्रद्धा असलेल्यांकडून येतो. देशातील उत्तम ते बाहेर का पाठवावे? परदेशी बाजाराच्या लहरीवर शेतकऱ्याला का बांधावे? दुष्काळी तालुक्यातील पाणी फळाच्या रूपाने युरोपात का धाडावे?

या प्रश्नांना उडवून लावणे योग्य नाही. पाण्याचा मुद्दा तर गंभीर आहे. परंतु तो विचारायचाच, तर आधी उसाला आणि साखरेच्या निर्यातीला विचारला पाहिजे. ठिबकावरील द्राक्षबागेला त्यामानाने फारच थोडे पाणी लागते. परदेशी बाजाराच्या लहरीचाही अनुभव ताजा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले. ज्यांचा सारा व्यापार त्या एकाच देशाशी होता, त्यांची झोप उडाली. त्यातून निघणारा निष्कर्ष इतकाच की एकाच गिऱ्हाइकावर संसार उभारू नये. दुकानच बंद करावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

स्वदेशीचा अर्थ दारे लावून बसणे असा या भूमीने कधी केला नाही. सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ ही बंदरे समुद्रापलीकडच्या व्यापारावर नांदली. पैठण आणि तेर येथील माल घाट उतरून बंदरांकडे जात असे, याची नोंद पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाने करून ठेवली आहे. शिवछत्रपतींनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदारास पाठविलेली आज्ञा प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले, तेव्हा संगमेश्वरकडील मीठ पडून राहू नये म्हणून त्या मिठावर जबर जकात बसविण्यास महाराजांनी सांगितले. त्या आज्ञेत राज्यकर्त्याची नजर कोणावर आहे? आपल्या उत्पादकावर. तो जगावा, त्याचा माल खपावा, हा तिचा हेतू आहे. स्वदेशीची खरी कसोटी हीच. आपल्या उत्पादकाची पत वाढविणारी निर्यात स्वदेशी आहे आणि त्याचाच माल गोदामात कुजविणारी बंदी, तिच्यावर कितीही देशहिताचा मुलामा दिला तरी, स्वदेशी नाही.

द्राक्षांनी दिलेला धडा

ज्यांना निर्यात म्हणजे एक परवाना आणि एक गिऱ्हाईक एवढेच वाटते, त्यांनी महाराष्ट्राच्या द्राक्षांचा इतिहास वाचावा. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. राज्य कृषी पणन मंडळाचे साहाय्य तिला लाभले. पहिली काही वर्षे कडू गेली. माल युरोपात पोहोचे, पण नाकारला जाई. घड तोडल्यापासून काही तासांत तो थंड करणे, बागेपासून बंदरापर्यंत ती थंडी न तुटू देणे, मण्याचा आकार आणि रंग सारखा राखणे, हे सारे नव्याने शिकावे लागले. शिकणारे तासगावचे, नाशिकचे, बारामतीचे साधे बागायतदार होते.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश आढळले आणि धोक्याची घंटा वाजली. त्यातून अपेडाने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही नोंदणीव्यवस्था उभी केली. बागेची नोंद, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटीवरील क्रमांक हे सर्व एका साखळीत आले. लंडनच्या दुकानातील पेटीवरून दिंडोरीतील बाग ओळखता येऊ लागली. तरीही २०१० मध्ये घाला पडलाच. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश युरोपीय प्रयोगशाळांना सापडले. इकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. बागायतदाराने सांगितलेले सारे केले होते. जे सांगितलेच नाही, त्यासाठी तो बुडाला. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले आणि इकडे कर्जाचे हप्ते थकले.

त्या आघातानंतर काहींनी निर्यातीला रामराम ठोकला. अनेकांनी मात्र कंबर कसली. २००४ मध्ये मूठभर बागायतदारांना घेऊन निर्यातीस आरंभ करणाऱ्या विलास शिंदे यांच्या गटाने याच काळात ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीचे हे काम आज देशभरातून लोक पाहावयास येतात. २०२३-२४ मध्ये भारताने ३ लाख ४० हजार टनांहून अधिक द्राक्षे निर्यात केली आणि त्यांचे मूल्य ३,४०० कोटी रुपयांच्या पुढे गेले. हे यश कोणत्याही शिबिरातून आलेले नाही. संघटन, शिस्त आणि चुकांची किंमत मोजण्याची तयारी यांतून ते आले आहे.

एका बाबतीत मात्र या यशाने देशवासीयांना खाली मान घालावयास लावले पाहिजे. युरोपात, ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश एका किलोत ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. म्हणजे शंभर टन फळांत एक ग्रॅम. तेथील बालकाच्या हातात पडणारा घड या चाळणीतून जातो. पुण्याच्या किंवा नागपूरच्या बालकाच्या हातातील घडासाठीही कागदावर मर्यादा आहेत. परंतु तो कोणत्या बागेतला, त्यावर काय फवारले, हे विकणाराही सांगू शकत नाही. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ हा शब्द या देशात कौतुकाने उच्चारला जातो. खरे पाहता तो घरच्यांसाठी वेगळे आणि पाहुण्यासाठी वेगळे रांधण्याची कबुली आहे.

कागद सोपा, काम अवघड

निर्यातदार होण्यास लागणारी कागदपत्रे आज दुर्मीळ नाहीत. आयात-निर्यात क्रमांक पॅनवर आधारित असून पाचशे रुपयांत घरबसल्या मिळतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. अडचण पुढे आहे. माल गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे तीन महिने कोणी सोसावयाचे? गिऱ्हाइकाने ‘माल खराब निघाला’ असे कळविले, तर ते खरे की भाव पाडण्याची युक्ती, हे सात समुद्रांपलीकडे जाऊन कोणी पाहावयाचे? निर्यात पतविमा १९५७ पासून या देशात उपलब्ध आहे. पण शिबिरातून बाहेर पडणाऱ्या किती जणांना त्याचा अर्ज दाखविला जातो?

तपशिलातील एक चूक किती महाग पडते, हे आंब्याने दाखविले आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली. मोजक्यांच्या निष्काळजीपणाची शिक्षा कोकणातील साऱ्या बागायतदारांनी ऐन हंगामात भोगली. मे २०२५ मध्ये तर नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने कागदपत्रांतील त्रुटींवरून नाकारल्या आणि तेथेच नष्ट कराव्या लागल्या. एक अर्ज नीट न भरल्याने कोट्यवधींचा हापूस-केशर मातीत गेला. बागेत वर्षभर राबलेल्या माणसाचा यात काय अपराध?

घरगुती खाद्यपदार्थ बनविणाऱ्या भगिनींपुढील संकट याहून सूक्ष्म आहे. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तिळाची गणना प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत होते. म्हणजे तिळाची चटणी, तिळगूळ, तीळ लावलेली भाकरवडी यांच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख हवा. तो नसेल, तर माल बाजारातून परत घ्यावा लागतो. चटणीची चव अप्रतिम असून उपयोग नाही. वेष्टनावरची एक ओळ तिला बुडवू शकते. ही ओळ कोणी सांगावयाची?

मानचिन्हांचेही तेच. लासलगावचा कांदा, जळगावची केळी, सांगलीची हळद आणि बेदाणे, कोल्हापूरचा गूळ, वेंगुर्ल्याचा काजू, कोकणचे कोकम आणि हापूस यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सत्कार झाले, प्रमाणपत्रे भिंतीवर लागली. परंतु मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदविल्याशिवाय आणि नकली माल विकणाऱ्यास न्यायालयात खेचल्याशिवाय ते प्रमाणपत्र चौकटीतच राहते. हळदीच्या पेटंटसाठी अमेरिकेत लढून १९९७ मध्ये ते रद्द करविणारा हा देश आहे. तीच जिद्द आपल्याच बाजारात हापूस म्हणून परप्रांतीचे फळ विकणाऱ्यासमोर का ढिली पडते?

मागणी आणि कर्तव्य

शासनाकडे मागावयाचे ते मोजकेच आहे. हंगाम सुरू असताना निर्यातबंदी नको. अगदीच अपरिहार्य असेल, तर ठरलेले सौदे पूर्ण होऊ द्यावेत आणि पुरेशी आगाऊ सूचना द्यावी. आयात करणाऱ्या देशांतील बदलते नियम पेरणीपूर्वी, मराठीत, गावापर्यंत पोहोचवावेत. अंशतपासणीची प्रयोगशाळा शेतकऱ्याच्या आवाक्यात असावी, अंतरानेही आणि दरानेही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, अशा करारांनी शुल्क कमी होते. पण शुल्क शून्यावर आले तरी विषाची मर्यादा सैल होत नाही, हे ध्यानात ठेवून तयारी करावी.

उरलेले काम समाजाचे आहे, आणि ते शासनाने करावे अशी अपेक्षाही नको. १९५९ मध्ये गिरगावातील सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली आणि तिचे पापड जगभर गेले. त्या भगिनींकडे ना प्रकल्प अहवाल होता, ना सल्लागार. एकमेकींवर विश्वास आणि प्रत्येक पापड सारखा लाटण्याची शिस्त होती. गटाशिवाय निर्यात नाही, हा पहिला पाठ तेथे आहे. दोन एकरवाल्याचा कंटेनर भरत नाही. पन्नास जणांचा भरतो. पण पन्नासांपैकी एकाने चोरून फवारणी केली, तर पन्नासही बुडतात. म्हणून व्यापाराआधी चारित्र्य येते.

गावागावांत असे गट बांधणे हे कार्यकर्त्यांच्या हाडीमासी खिळलेले काम आहे. त्याला शहरांतील ज्ञानाची जोड हवी. निवृत्त सीमाशुल्क अधिकारी, बँकेत परकीय चलनाचे व्यवहार हाताळलेले कर्मचारी, सनदी लेखापाल, अन्नतंत्रज्ञानाचे प्राध्यापक अशी माणसे प्रत्येक नगरात आहेत. आठवड्याचे दोन तास त्यांनी एका शेतकरी गटाला किंवा एका महिला बचत गटाला दिले, तर शंभर शिबिरांचे काम होईल. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवात मोदक मागवावेतच. त्याचबरोबर बंदरात अडकलेला माल खरोखर नासला आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणारा एक माणूसही द्यावा. दूरच्या शेतकऱ्याला भाषणापेक्षा या एका माणसाची गरज अधिक आहे.

आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी? त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फळवाल्याला ‘हे कोणत्या बागेतले?’ असे विचारण्याची सवय लावावी. मागणी आल्याशिवाय देशातील बाजाराला शिस्त लागणार नाही. आणि पुढच्या वेळी कांदा महागेल, तेव्हा बंदीची मागणी करण्यापूर्वी त्याच कांद्याच्या भावात कोणाच्या मुलीची फी आणि कोणाच्या वडिलांचे औषध दडले आहे, याचा क्षणभर विचार करावा. जो समाज आपल्या शेतकऱ्याला शंभर रुपयांसाठी उघड्यावर सोडतो, त्याच्या मालावर जगाने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?